स्लॅबखालचं धुणं

तुमच्या या सदरातले अनुभव मी कित्येक वर्षं वाचतोय, पण खरं सांगायचं तर चुका काढण्यासाठी वाचत होतो. बायको मोठ्याने वाचायची आणि मी मधेच तिला थांबवून सांगायचो – हा आवाज पाइपातल्या हवेचा, ही सावली ट्यूबलाइटची, हा माणूस तापात होता. माझा जन्म गोव्यातल्या लाटंबार्शे गावातला. राखणदार, देवचार हे सगळं ऐकतच वाढलो, देवळात नारळही ठेवत आलो, पण त्यातलं काही खरंच दिसतं, ऐकू येतं यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. मी सरकारी बांधकामात ओव्हरसियर म्हणून लागलो आणि असिस्टंट इंजिनियर म्हणून निवृत्त झालो. मोऱ्या, पूल, गटारं, विहिरी... पाणी बंद जागेत कसकसे आवाज करतं हे मला कोणी शिकवायला नको.

म्हणून हे लिहायला इतका वेळ लागला.

गावाचं नाव मुद्दाम देत नाही. डिचोली तालुक्यातलं एक बाजारगाव, एवढं पुरे. गावाच्या वर काजूच्या बागा आहेत. तिथून एक व्हाळ, म्हणजे ओढा, खाली येतो, मारुतीच्या देवळामागून बाजारात शिरतो, जुन्या बस स्टँडपाशी बाहेर पडतो आणि शेतांतून नदीला मिळतो. देवळापासून स्टँडपर्यंतचा दोनशे चाळीस मीटरचा भाग आम्ही झाकला होता. आम्ही म्हणजे आमच्या खात्याने, आणि साइटवर मी. गोव्याला राज्याचा दर्जा मिळून थोडीच वर्षं झाली होती. सगळीकडे कामं निघत होती. बाजाराला जागा हवी होती, गाड्या लावायला जागा हवी होती, आणि व्हाळ म्हणजे घाण, असं सगळ्यांचंच मत होतं. दोन्ही बाजूंना भिंती बांधल्या, वर तयार स्लॅब टाकले, आणि व्हाळ दिसेनासा झाला.

पुढे काय झालं ते त्या गावातल्या कुठल्याही दुकानदाराला विचारा. खाणीची तांबडी माती आत साठत गेली, प्लॅस्टिक साठत गेलं, आणि दर जुलैत पाणी शटरच्या वर चढायला लागलं. वीसेक वर्षं लोकांनी हे सोसलं. शेवटी ठरलं की स्लॅब काढायचे आणि व्हाळ पुन्हा मोकळा करायचा. त्यासाठी पणजीहून एक तरुण डिझाइनर मॅडम नेमल्या होत्या. पहिल्याच दिवशी त्या मला म्हणाल्या, "सर, तळाला काँक्रीट नको, आणि सरळ रेषाही नको. याची जी वळणं होती ती त्याला परत द्यायची. काठाला दगड, केवडा, बांबू... बाकी पाणी आपलं आपण बघेल."

माझी निवृत्ती दीड वर्षावर आली होती. ज्याने झाकलं त्यानेच उघडायचं, म्हणून ऑफिसात चेष्टाही झाली. मीही हसलो.

काम खालून वर, म्हणजे स्टँडकडून देवळाकडे करायचं होतं. मजुरांचा मुकादम होता भरमा. खानापूरकडचा, बेळगाव जिल्ह्यातला. पन्नाशीचा, कमी बोलणारा, कामाला वाघ. त्याच्याबरोबर बारा माणसं, त्यांत चार बायका. आधी सांध्यातलं सिमेंट फोडायचं, मग क्रेनने स्लॅब उचलायचा, मग आतला गाळ काढायचा. रोज आठ-दहा मीटर.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास भरमा माझ्याकडे आला.

"सायेब, आत कोण तर धुनं धुवायलंय बघा."

मी म्हटलं, आत कुठे? तो म्हणाला, "स्लॅबाखाली."

मी गेलो. उघडलेल्या भागात उतरून, जिथे अजून स्लॅब होते त्या काळोख्या तोंडाशी उभा राहिलो. आवाज येत होता. धप्... धप्... धप्... मग थोडा वेळ शांत. मग पुन्हा. ओलं कापड दगडावर आपटल्याचा आवाज ज्याने एकदा ऐकलाय त्याला तो दुसऱ्या कशाचा वाटायचा नाही. पण मी भरमाला सांगितलं की आत फळी अडकली असेल, पाण्याच्या दाबाने भिंतीवर आपटत असेल. त्याने मान हलवली. साडेबाराला आवाज थांबला.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुढचे स्लॅब उचलले. फळी नव्हती. आणि अकराला आवाज पुन्हा सुरू झाला – आदल्या दिवशी जितका लांब वाटला होता तितकाच लांब. म्हणजे आम्ही दहा मीटर पुढे आलो होतो, आणि तोही दहा मीटर पुढे सरकला होता.

आठवडाभर हेच चाललं. मॅडमनीही ऐकला. त्यांना वाटलं मागच्या एखाद्या घरात कोणी धूत असेल, म्हणून त्या बाजाराच्या मागच्या गल्लीतून फिरून आल्या. "सर, सगळ्यांकडे वॉशिंग मशीन आहे," एवढंच म्हणाल्या आणि नकाशात डोकं घातलं.

मग पाणी.

मार्च महिना होता, व्हाळाला घोट्याएवढंच पाणी, तेही गढूळ. एक दिवस अकरानंतर त्या काळोखातून फेस वाहत आला. साबणाचा. आणि त्याच्या मागून पाण्यात एक निळी रेघ. पांढऱ्या कपड्यांना आपल्या आया नीळ घालायच्या, तशी. भरमाच्या माणसांतल्या एका बाईने त्यात हात बुडवला आणि लगेच काढून पदराला पुसला. 

मी त्याच दुपारी प्रत्येक घराचं सांडपाणी तपासायला लावलं. प्रत्येक मोरीत रंग सोडून बघितला. सगळी जोडणी महिन्यापूर्वीच नव्या गटाराला वळवली होती, एकही पाइप व्हाळात येत नव्हता. काजूच्या बागांपर्यंत वर चालत गेलो. वर पाणी स्वच्छ होतं. मी रिपोर्टात लिहिलं, "किरकोळ गळती, शोध चालू." रिपोर्टात काहीतरी लिहावंच लागतं.

पण आता मला झोप लागत नव्हती. आवाजाने नाही – आवाज दिवसाचा. मला एक जुनी गोष्ट आठवायला लागली होती. म्हणजे ती मी कधी विसरलोच नव्हतो, फक्त तिच्याकडे बघत नव्हतो.

देवळामागे, जिथे व्हाळ बाजारात शिरतो तिथे, एक मोठा सपाट धोंडा होता. गावातलं धुणं तिथेच व्हायचं. नळ आले तशा बायका कमी झाल्या, आणि शेवटी एकच उरली, पारू. वय असेल तिशीच्या आत. जन्माची मुकी आणि बहिरी. थोरल्या बहिणीकडे राहायची, मास्तरांच्या आणि खाणीवरच्या साहेबांच्या घरचे कपडे धुवायची. आम्ही व्हाळ झाकायला घेतला तो खालूनच, स्टँडकडून. झाकत झाकत वर आलो तरी ही येतच होती. धोंडा स्लॅबच्या खाली गेला, तरी वरच्या उघड्या तोंडातून बादली घेऊन आत उतरायची आणि पाच-सहा पावलं काळोखात जाऊन धुवायची. मी दोनदा हातवारे करून तिला हाकललं होतं. ती हसायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायची. तिला तो धोंडा हवा होता, दुसरं काय!

मे महिन्यातल्या एका दुपारी आम्ही ते तोंड बंद केलं. त्या संध्याकाळपासून पारू कोणाला दिसली नाही.

तिची बहीण आनंदीबाय. देवळाच्या पायरीशी आबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, विकायची. ती त्याच संध्याकाळी माझ्याकडे आली होती. मी सांगितलं, आत कोणी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आली. म्हणाली, एक स्लॅब उचला, मी बघते. मी म्हटलं, सांधे ओले आहेत, उचलला तर सगळं बिघडेल, रविवारी मंत्री उद्घाटनाला यायचेत. ते दोन दिवस साइटवर आणि ऑफिसात एकच वाद पेटला होता, उद्घाटनाची पाटी मराठीत करायची की कोंकणीत. मी दोन्हीकडच्यांच्या मधे उभा होतो आणि ती बाई माझ्या मागे उभी होती. मग ती गेली. रविवारी पाटी लागली, पुढच्या आठवड्यात पाऊस आला. लोक म्हणाले पारू नदीत वाहून गेली असेल. कोणी म्हणालं सावंतवाडीच्या बसमध्ये बसताना पाहिली. मी त्यातलं बसचं धरून ठेवलं.

आणि माझ्याकडे आणखी एक पळवाट होती. स्टँडच्या टोकाला लोखंडी जाळी होती. वरच्या टोकाला पाणी आत यायला फक्त सिमेंटचा ह्यूम पाइप, त्यातून माणूस येत नाही, हे खरं. पण ती आत असती तर काळोखात चालत जाळीपर्यंत आली असती, स्टँडवर शंभर माणसं, कोणीतरी पाहिली असती. आली नाही, म्हणजे आत नव्हती. इंजिनियरचा हिशेब. इतकी वर्षं मी तो असाच मांडत आलो.

आता काम धोंड्यापासून पन्नासेक मीटरवर आलं तशी आनंदीबाय रोज काठावर येऊन बसायला लागली. केस पांढरे झालेले, पाठ वाकलेली. सकाळी अकराला वळेसरांची परडी घेऊन यायची, मांडीवर फुलं, हातात दोरा, ओवत राहायची. आवाज सुरू झाला की हात थांबायचे. साडेबाराला उठून जायची. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मी मात्र तिला चुकवण्यासाठी पलीकडच्या काठाने फिरायला लागलो.

बाजारात कोणीतरी भरमाला सगळं सांगितलंच. एका सकाळी त्याने क्रेन थांबवली आणि माणसांना वर काढलं. मग माझ्यापाशी येऊन डोक्यावरचं फडकं काढून उभा राहिला.

"सायेब, रागावू नका. खरं काय ते सांगा. आत मानूस हाय काय?"

मी म्हटलं, "नाही. आत कोणी नाही."

बोललो आणि माझ्याच कानांना ऐकू आलं. शब्द तेच, आवाजही तोच, साइटवरचा... वीस वर्षांपूर्वी हेच मी आनंदीबायला सांगितलं होतं, न बघता. आता भरमालाही न बघताच सांगत होतो.

भरमा म्हणाला, "मग आमी थांबतो हितं. तुमी बघून या. तुमी बघून आलासा की आमी स्लॅब काढतो."

तो उर्मट नव्हता. त्याच्या टोळीतल्या बायका होत्या खाली कामाला, त्याला खात्री हवी होती. मॅडम म्हणाल्या, सर, आत गॅस असू शकतो, आपण उद्या ब्लोअर मागवू. बरोबरच होतं त्यांचं. मी स्वतः कोणाला असं आत जाऊ दिलं नसतं. पण पावणेअकरा झाले होते, आणि आनंदीबाय काठावर येऊन बसली होती. मी कमरेला दोर बांधून घेतला, दुसरं टोक भरमाच्या हातात दिलं, टॉर्च घेतली आणि आत शिरलो.

शेवटचा पट्टा वीस मीटरचा राहिला होता. गाळ गुडघ्यापर्यंत, काळा, थंड. उभं राहता येत नव्हतं, कमरेत वाकून चालावं लागत होतं. वास मात्र गटाराचा नव्हता. मला तो ओळखायला वेळ लागला... ओल्या सुती कपड्यांचा वास, उन्हात घालायच्या आधीचा.

दहा-बारा मीटर गेलो असेन आणि आवाज सुरू झाला.

बाहेरून ऐकणं वेगळं. आत तो छातीत बसत होता. धप्. पाण्यात कापड खळबळल्याचा आवाज. धप्. समोरून येत होता, पाच-सहा मीटरवरून. मी टॉर्च खाली धरली होती आणि ती वर करायची मला हिंमत होत नव्हती. ओरडायचं सुचलं, पण कोणाला हाक मारणार? ती बहिरी होती. मग मी टॉर्च वर केली.

आवाज थांबला.

समोर धोंडा होता. बाकी सगळीकडे गुडघाभर गाळ, आणि धोंडा स्वच्छ. धुतलेला, ओला, त्यावरून पाणी निथळत होतं. भोवतीच्या पाण्यात गोल तरंग उठत होते आणि माझ्याकडे येऊन पायाला लागत होते. मी तोवर जागचा हललो नव्हतो. धोंड्याच्या मागे, भिंतीला लागून, काहीतरी रचलेलं होतं. माझ्या छातीपर्यंत उंच. आधी मला ती दगडांची रास वाटली. जवळ जाऊन हात लावला.

कपडे होते.

वीस-बावीस वर्षांत गटारांतून, बाजारातून, पुरातून जे जे फडकं त्या व्हाळात वाहून आलं असेल ते सगळं. शर्ट, साड्यांचे तुकडे, शाळेचे गणवेश, बारदान, निवडणुकीचे झेंडे, मेलेल्याच्या अंगावरची असावीत तशी पांढरी वस्त्रं, मागच्या वर्षीच्या फुटबॉल टुर्नामेंटचा एक टी-शर्ट. प्रत्येक धुतलेला, प्रत्येक घट्ट पिळलेला, आणि पिळाची घडी घालून एकावर एक ठेवलेला. खालचे कुजून काळे झाले होते. वरचे ताजे होते. सगळ्यात वरच्याला मी हात लावला तर त्यातून पाणी गळलं.

मी बाहेर कसा आलो ते भरमाला माहीत. त्याने दोर ओढला. वर आल्यावर मी त्याला एवढंच सांगितलं, "माणूस नाही. स्लॅब काढ."

तासाभरात त्यांनी उरलेले सगळे स्लॅब काढले आणि त्या ढिगावर ऊन पडलं. सगळा बाजार जमा झाला. मॅडमनी खाली उतरून बराच वेळ बघितलं. त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं की भोवऱ्यात सापडलेलं कापड पिळलं जातं, पूर ओसरताना एका कोपऱ्यात थर बसतात. मला ते हवंच होतं. मी मान हलवत होतो. मग त्याच मधे थांबून म्हणाल्या, "पाणी पिळतं, सर. पण घडी घालत नाही."

आनंदीबायला दोन बायकांनी धरून खाली आणलं. तिने वरचा एक पीळ उचलला, उलटा-सुलटा करून पाहिला, दुसरा उचलला, तिसरा. मग तो माझ्यापुढे धरला. तिने माझ्याकडे पहिल्यांदा बघितलं ते तेव्हा.

"पळयात. डाव्या हाताचो पीळ. सगळे डावेच." मग म्हणाली, "पारू डावरी आसली."

मीही बघितलं. आपण उजव्या हाताची माणसं पिळतो त्याच्या उलट पीळ होता. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत एकही सुलटा नव्हता. भरमाने खालचे कुजलेलेसुद्धा तपासले.

तेव्हा मी बोललो. सगळ्यांसमोर नाही, तेवढं धैर्य नव्हतं. लोक पांगल्यावर, ती धोंड्यावर बसली होती तिथे. मी तिला सांगितलं की त्या दुपारी शेवटचा स्लॅब टाकायच्या आधी आतून आवाज येत होता. धप् धप्. खालच्या अंगाला सुतार ठोकाठोकी करत होते, मी धरून चाललो की तेच असेल. सांगितलं की मी तोंडाशी वाकून हाक मारली होती. दोनदा. "कोण आहे का आत?" म्हणून. उत्तर आलं नाही, म्हणून हात वर केला आणि स्लॅब खाली आला.

"हाक मारली होती मी," मी पुन्हा म्हणालो. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो होतो आणि तिच्यासमोर ते कसं ऐकू येतं हे मला तोंडातून निघाल्यावर कळलं.

आनंदीबाय म्हणाली, "तिका आयकूंक येनाशिल्लें. तुमकां खबर आसली."

मी हो म्हटलं. मला माहीत होतं ती बहिरी आहे.

तिने हातातला पीळ मांडीवर ठेवला. मग कोंकणीतच, अगदी हळू बोलली. "तुमी सांगलें आत कोण ना. हांवें मानलें. ना जाल्यार हांव जगली कशी आसती?" मी "नाही" म्हटलेलं तिने मानलं, त्यावरच जगली. आणि थोड्या वेळाने, "मात सकयल देंवून कित्याक पळयलें ना?"

खाली उतरून का बघितलं नाही. पाच-सहा पावलांचा तर प्रश्न होता. रागाने नाही विचारलं तिने, खरंच माहीत करून घ्यायचं असल्यासारखं विचारलं.  ती उत्तरासाठी थांबली, मग उठली.

भरमाच्या टोळीतल्या बायका त्या कपड्यांना हात लावायला तयार नव्हत्या. कचऱ्याच्या ट्रकमध्ये टाकू म्हटलं तर आनंदीबाय मधे उभी राहिली. तिने काठावर बांबू पुरून घेतले, दोर बांधला आणि एकेक पीळ सोडवून वाळत घालायला लागली. मोजता येणार नाहीत इतके. आधी ती एकटीच होती. मग भरमा गेला, मग मॅडम चपला काढून गेल्या. मीही गेलो, आणि तिने मला थांबवलं नाही. संध्याकाळपर्यंत देवळापासून स्टँडपर्यंत दोन्ही काठांना कपडे वाळत होते. बाजारातल्या लोकांनी त्या दिवशी लवकर दुकानं बंद केली. खरेदी कोणी करतच नव्हतं, सगळे उभे राहून बघत होते. कोणी त्यात आपल्या मुलाचा जुना गणवेश ओळखला, कोणी पुरात गेलेली आईची साडी. ओळखलं तरी घरी कोणी नेलं नाही. दोन दिवसांनी ते सगळे देवळामागच्या माळावर रीतसर जाळले.

गाळ आम्ही असा टाकला नाही. भरमाच्या माणसांनी तीन दिवस तो चाळणीने चाळला, मूठ मूठ. एक पितळेची बादली निघाली, आनंदीबायने ती ओळखली. हाड एकही निघालं नाही. दातसुद्धा नाही. म्हणजे पारू आत होती की नव्हती हे मला आजही सांगता येणार नाही.

मी पोलीस स्टेशनला गेलो आणि झालेलं सगळं सांगितलं. तिथल्या साहेबाने ऐकून घेतलं, चहा मागवला आणि विचारलं, "देह नाही, त्या वेळची तक्रार नाही, बहीण आता लिहून द्यायला तयार नाही... मी नक्की काय लिहू?" त्याने माझा जबाब घेतला खरा. पुढे काही झालं नाही. ऑफिसने मला त्या कामावरून काढून टेबलावर बसवलं आणि मी तिथूनच निवृत्त झालो.

व्हाळ आता चांगला वाहतो. वळणं घेत जातो, केवडा लागलाय, पहिल्याच पावसाळ्यात दुकानांत पाणी शिरलं नाही. मॅडमना त्या कामाबद्दल शाबासकी मिळाली आणि ती योग्यच होती. त्या अनुभवाबद्दल त्या कोणाशी बोलत नाहीत. भरमाने पुढच्या वर्षी गोव्यातलं काम सोडलं. आनंदीबाय दोन वर्षांपूर्वी गेली. मी खांदा द्यायला गेलो होतो. तिच्या भाच्याने मला ओळखलं आणि दुसऱ्या माणसाला पुढे बोलावलं.

धोंडा जागेवरच ठेवलाय. त्यावर कोणी बसत नाही, कोणी धूत नाही. आवाज त्या दिवसानंतर कोणी ऐकलेला नाही.

मी विचार करायचं सोडलेलं नाही. फेस कुठून आला, नीळ कुठून आली, त्या बंद काळोखात इतकी वर्षं कोण धूत होतं, आम्ही एकेक स्लॅब काढत होतो तसतसा तो आवाज आमच्यापुढे का सरकत होता... सगळ्या शक्यता मांडून झाल्या. माझ्या शिक्षणात, माझ्या अनुभवात याचं उत्तर नाही. वाचकांपैकी कोणाकडे असेल तर मी ऐकून घेईन, मधे थांबवणार नाही.

आनंदीबायच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला त्या दिवशीही ठाऊक होतं. रविवारच्या उद्घाटनासाठी मी म्हापशाहून नवे बूट आणले होते, आणि ते सैल व्हावेत म्हणून शेवटचा स्लॅब टाकला त्या दुपारी साइटवर घालून आलो होतो. खाली चिखल होता.